फोन पुढे देताना

ताईंनो, आज बचतीचं नाही, फोनचं बोलायचं आहे. आपल्या संघाच्या कन्नडच्या ऑफिसात टेबलावर जो फोन आहे, त्याला होल्डचं बटण आहे. ते दाबलं की समोरच्या बाईला नुसती धून ऐकू येते आणि आपल्याला तिचं काहीच ऐकू येत नाही. ती ताटकळत आहे की गेली, कळत नाही. मी यातच चुकले.

घाटाकडच्या एका ताईंचा फोन आला. "मॅडम, खात्यातून पैसे गेले." मी म्हटलं, "थांबा हं," आणि फोन बँकेचं काम बघणाऱ्या ताईंच्या टेबलावर ढकलून रिसीव्हर ठेवून दिला. त्या जेवायला गेलेल्या. रिंग वाजून वाजून फोन कट. त्यांनी परत लावला, तो दुसरीनं उचलला आणि कर्जाच्या टेबलाला दिला. तिसऱ्यांदा मीच उचलला तर म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांगू का?"

अर्धा तास गेला होता. खरं तर असा फोन पुढे द्यायचाच नसतो, लगेच 1930 ला लावायला सांगायचं. सायबर फसवणुकीचा तो सरकारी नंबर. बँकेचं नाव, रक्कम, वेळ, व्यवहाराचा नंबर सांगितला की पैसे ज्या खात्यात गेले तिथंच अडवायचा प्रयत्न होतो. तिथून कुणी काढून घेतले की मग अवघड.

बाकीचे फोन पुढे द्या, पण आधी नाव, गाव, नंबर आणि काम वहीत लिहा. ट्रान्सफर केला की पलीकडची बोलेपर्यंत रिसीव्हर ठेवू नका. तिला सांगा, "या ताईंना मालकांच्या विम्याचं विचारायचंय, पासबुक हातात आहे." जीवनज्योतीचे 436 रुपये कापलेत का, असं विचारणाऱ्या बाईच्या घरातलं माणूस गेलेलं असू शकतं. ते तिला तीनदा सांगायला लावायचं का?

पलीकडं कुणी नसेल तर "संध्याकाळी मी लावते" म्हणा, आणि लावा. रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवणं म्हणजे होल्ड नव्हे बरं का. आपल्या सगळ्या गप्पा तिकडं जातात!

तुम्ही गावातून फोन कराल तेव्हा उचलणारीचं नाव विचारून घ्या. ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, आमच्या ऑफिसचं नाव घेतलं तरी.

वही आता फोनजवळ दोरीनं बांधली आहे. पेन मात्र दर आठवड्याला गायब होतो. ज्यांनी नेला त्यांनी आणून ठेवावा.