पदकावर हुद्दा लिहिलेला नसतो

(लखनौत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला पदकांबद्दल बोलायचं आहे. शौर्यपदकांबद्दल नाही. युद्धात कोण कुठे आणि किती दिवस होता, एवढीच साक्ष देणाऱ्या मोहीम-पदकांबद्दल.

माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात रत्नागिरी जिल्ह्यातून रॉयल इंडियन नेव्हीत गेले. त्यांची तीन पदकं आमच्या घरी आहेत: '१९३९-४५ स्टार', 'बर्मा स्टार' आणि 'वॉर मेडल'. पहिल्यासाठी नौसैनिकाला युद्धक्षेत्रात सहा महिने समुद्रावर काढावे लागत. ते मिळाल्यावर बंगालच्या उपसागरातल्या सेवेसाठी 'बर्मा स्टार' मिळे. 'वॉर मेडल'ला २८ दिवसांची सेवा पुरे. पहिल्या पदकाच्या फितीत तीन पट्टे आहेत. गडद निळा नौदलाचा, लाल लष्कराचा, फिकट निळा हवाई दलाचा.

घरात सांगितलं जायचं, "ते नेव्हीत होते." काय काम करायचे, यावर कुणी बोलत नसे. पीएचडीच्या निमित्ताने मी घरातले जुने कागद काढले, तेव्हा त्यांच्या सेवेचा दाखला सापडला. हुद्दा होता: टोपस.

टोपस म्हणजे बोटीवरचा सफाई कामगार. डेक झाडायचा, संडास धुवायचे, घाण उपसायची. गावात जे काम जातीनं वाट्याला आलं होतं, तेच गणवेश घालून बोटीवर चढलं. माझ्या घरच्यांनी पदकं जपली आणि हुद्दा लपवला. त्यांना मी दोष देत नाही. ज्या समाजात काम ऐकलं की जात कळते, तिथे काम न सांगणं हा जगण्याचाच एक मार्ग असतो.

पण पदकाचा नियम बघा. तो दिवस मोजतो, समुद्र मोजतो. तोफेवरच्या माणसाला जो स्टार, तोच टोपसला. पाणसुरुंगही हुद्दा विचारून फुटत नाही. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात 'बेंगॉल' ही आपली छोटी युद्धनौका 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजासोबत होती. दोन मोठ्या जपानी जहाजांनी त्यांना गाठलं. त्यांपैकी 'होकोकु मारू' बुडालं आणि 'बेंगॉल' वाचली. ती बुडाली असती, तर तिच्यावरचे सगळेच बुडाले असते.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सीमेन्स होममध्ये स्मृतिग्रंथ आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे सहा हजार खलाशांची ती आठवण. समुद्रात मेलेल्याला कबर नसते, चिता नसते. नाव लिहिणं एवढंच शिल्लक राहतं.

आणि जे जिवंत परतले, त्यांना काय मिळालं? माझ्या पणजोबांच्या छातीवर राजाची पदकं होती, तरी गावच्या विहिरीचा नियम बदलला नाही. पदकाने दिलेली बरोबरी धक्क्यावरच उतरली.

इथे लखनौत हे का सांगतो? मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस गोमती' २०२२ मध्ये निवृत्त झाली. तिचे अवशेष गोमतीकाठच्या संग्रहालयात मांडायचं ठरलं. बघायला जाल तेव्हा तोफा जरूर बघा. पण अशा जहाजांवर स्वयंपाक कोण करायचं, संडास कोण धुवायचं, हेही विचारा.

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर. म्हणजे ट्रंकेतले इंग्रजी कागद वाचू शकणारेही बहुधा आपणच पहिले. सुट्टीत घरी जाल तेव्हा ते काढा. सेवा क्रमांक, जहाजाचं नाव, तारखा उतरवून घ्या. फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पण सांगायची जबरदस्ती करू नका. आणि हुद्दा गाळू नका. मी माझ्या प्रबंधात लिहिलं आहे: टोपस, रॉयल इंडियन नेव्ही, 'बर्मा स्टार'. तिन्ही एकाच ओळीत.

जय भीम.