सुई-दोरा आणि स्वाभिमान
(वारजे येथील शिवण व हस्तकला वर्गाच्या प्रारंभी केलेले भाषण)



आज 3 जानेवारी. 1831 साली याच दिवशी नायगाव येथे सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. या दिवशी नव्या वर्षाचे पहिले काम म्हणून आपण शिवणवर्ग सुरू करीत आहोत. तयारीच्या बैठकीत एका भगिनीने आम्हांला रोखठोक विचारले, "सावित्रीबाईंनी आमच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. तुम्ही पुन्हा सुई का देता?" प्रश्न झोंबणारा होता, पण रास्त होता. त्याचे उत्तर दिल्याशिवाय मशीनचे झाकण उघडणे बरे नव्हे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे नेमून दिली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी असल्या चालीरीतींचे चटके सोसले. ती मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळण्यात आली. त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. अस्पृश्यतेची खूण ठरणारा पेहराव सोडा, लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांचा उपदेश होता. ठिगळाची लाज नाही, लाचारीची आहे, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आता तथागतांच्या संघाकडे पाहू. आरंभी भिक्षू पांसुकूल, म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या, वेचून त्यांची चीवरे करीत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची मुभा मिळाली. चिंधी तीच, पण एकाच्या अंगावर ती लादलेली होती आणि दुसऱ्याने ती स्वतःच्या इच्छेने वेचली, धुतली, रंगवली, शिवली. फरक कापडात नाही, कोणाच्या इच्छेने ते अंगावर आले यात आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक सुंदर प्रसंग आहे. दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधाची शेते पाहिली. बांधाबांधांनी आखलेले चौकोन दाखवून त्यांनी आनंदाला विचारले, "अशी चीवरे करता येतील का?" आनंदाने तुकडे कापून, जोडून तशी चीवरे करून दाखविली. थोडक्यात सांगितलेले त्याने विस्ताराने जाणले, म्हणून भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. आजही भन्तेजींच्या चीवरावर ते बांध दिसतात. चुल्लवग्गात तर सुई, सुईचे घर, बोटाला घालायचे टोपण यांचेही नियम आहेत. वर्षावासानंतरचे कठिन चीवर संघ मिळून एका दिवसात तयार करी.

मित्रांनो, हे शिवणारे सारे पुरुष होते! म्हणून आमचे पहिले उत्तर असे की, सुई ही बाईच्या माथी मारलेली वस्तू नाही. आपल्या वर्गात मुलगेही बसतील. स्वतःच्या शर्टाचे बटण लावता न येणारा मुलगा अत्तदीप कसा होणार?

दुसरे उत्तर मोलाचे आहे. वारजे गाव होते, 1997 साली ते पुणे महापालिकेत आले. वस्तीचे नगर झाले, पण आपल्या भगिनींचा हिशेब मात्र जुनाच राहिला. साडीला फॉल-पिको करून दिला की, "शेजारीणच आहे, काय मागायचे?" आणि गोधडी तर मायेचीच! समजा, एका गोधडीला 40 तास लागले आणि 800 रुपये मिळाले. कापड-दोऱ्याचे 200 वजा जाता 600 उरले. म्हणजे तासाला 15 रुपये! माया जरूर द्यावी, पण देतो किती ते मोजून द्यावी. पाटी-पेन्सिल इथे कामाला येते. म्हणून प्रत्येकाजवळ कापड, दोरा आणि तास यांची नोंदवही राहील.

पहिला धडा पंचशील ध्वजाचा. त्यात सरळ शिलाईच असते, म्हणून नवशिक्यालाही जमतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी अशा पाच उभ्या पट्ट्या आणि सहावीत तेच पाच रंग आडवे. तयार पट्टी 6 इंच हवी तर कापड 7 इंच कापावे, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाईला जातो. हा अर्धा इंच विसरला की ध्वज आखडतो. दुसरा धडा कापडी पिशवीचा. तिसरा गोधडीचा : जुनी लुगडी अंथरून, आत चिंध्या घालून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे. हा धडा आम्ही देणार नाही, वस्तीतल्या आजी देतील आणि त्यांना शिक्षिकेचे मानधन मिळेल.

येत्या 14 एप्रिलला आपल्या वस्तीत बाजारातले नव्हे, आपल्या हातचे ध्वज लागावेत, हा आमचा संकल्प आहे. विहारासाठी शिवलेल्या ध्वजांचे पैसेही संस्था रोख देईल. आजवर आपणच आपल्या भगिनींकडून पडदे, तोरणे फुकट शिवून घेतली. ही चूक आमची आहे आणि ती आम्ही आज जाहीरपणे कबूल करतो.

शेवटची अट. वर्ग फक्त रविवारी भरेल. शिवणासाठी कोणाही मुलीचा अभ्यास बुडाला, तर तिचे मशीन आम्हीच बंद करू. सावित्रीबाई शाळेला निघत तेव्हा अंगावर शेणमाती फेकली जाई, म्हणून त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत. शाळेत पोहोचून ते बदलीत आणि शिकवीत. त्यांचे लुगडे शिक्षणासाठी होते, आपली सुईही शिक्षणाच्या पाठीशीच राहील.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!