खाडी राखू या



आम्ही विलेपार्ल्याचे रहिवासी. आमच्या शहरातून मिठी नदी वाहते. विहार आणि पवई या तलावांचे जादा पाणी घेऊन ती निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. लांबी सुमारे १८ किलोमीटर. नदी लहान आहे, पण तिची हकिगत ऐकण्याजोगी आहे. खाडीकाठच्या प्रत्येक गावाने ती ऐकावी.

खाडी म्हणजे काय? नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे भेटते ती जागा. भरतीला पाणी आत चढते, ओहोटीला उतरते. काठाला चिखल असतो. चिखलात तिवराची झाडे वाढतात. कोणी म्हणतो, "ही जागा फुकट पडलीय. भर टाका, घरे बांधा!" पण जागा फुकट नाही. तिवराच्या मुळांत कोळंबीची, चिंबोरीची, माशांची पिले वाढतात. तीच पुढे कोळ्याच्या जाळ्यात येतात. मुळे काठाची माती धरून ठेवतात. आणि पुराच्या पाण्याला पसरायला हीच जागा लागते.

मिठीच्या काठी वर्षानुवर्षे भराव पडला. पात्र अरुंद झाले. दलदलीच्या जागी मोठमोठ्या इमारती आल्या. मग २६ जुलै २००५ चा दिवस उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच भरती आली. खाडी पाणी घेईना. पाणी आपल्या जुन्या जागी गेले. तिथे आता माणसांची घरे होती! मुंबईत शेकडो माणसे दगावली. एवढ्या पावसात पूर यायचाच, हे खरे. पण पाण्याची वाट मोकळी असती, तर एवढा अनर्थ झाला नसता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडायला आणि तिथे भराव टाकायला बंदी केली. २०१८ साली न्यायालयाने ती पुन्हा बजावली. शासनाच्या वन विभागात यासाठी कांदळवन कक्ष आहे. म्हणजे कायदा आपल्या बाजूला आहे. पण कायदा काही खाडीवर पहारा देत नाही. पहारा गावानेच द्यायचा.

तुम्हांला आता लिहिता येते. खाडीत भरावाची गाडी दिसली, तर गाडीचा नंबर, जागा आणि तारीख लिहून घ्या. साध्या भाषेत अर्ज करा. खाली दहाजणांनी सह्या करा. अर्ज तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्या. अंगठ्याऐवजी सही करायला शिकलात, ती सही अशा कामी येऊ द्या.