न दुखणारा चट्टा



डॉक्टरांच्या या सभेच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव ठरलं त्या संध्याकाळी कार्यकारिणीतल्या एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "ताई, विषय काय छापू? 'डॉक्टर आणि ताणव्यवस्थापन' टाकू का?" मी म्हटलं, व्यवस्थापन नको रे बाबा. तो शब्द ऐकला की मला पडद्यावर सूर्यास्ताचं चित्र दिसायला लागतं आणि खाली लिहिलेलं असतं, दीर्घ श्वास घ्या. मी बर्नआउटवर बोलणार आहे आणि बरंचसं स्वतःच्याच. तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं दवाखाना चालवते आहे, पण आज इथे तज्ज्ञ म्हणून नाही, केस म्हणून उभी आहे.

सुरुवात मात्र माझ्या इंटर्नशिपपासून करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आमच्याबरोबर एक कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. सायकलवरून वाड्यावस्त्या फिरायचे, शर्टाच्या खिशात कापूस. एकदा त्यांच्याबरोबर मीही गेले. एका शेतमजुराच्या पाठीवर फिकट, चपटा चट्टा होता. तंत्रज्ञांनी त्याला सांगितलं, "डोळे मीट. कापूस जिथे लागेल तिथे बोट ठेव." दंडावर लावला, बोट बरोबर पोचलं. खांद्यावर लावला, पोचलं. मग चट्ट्यावर कापूस फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. तो माणूस डोळे मिटून, बोट हवेत धरून, अगदी आज्ञाधारकपणे उभा. थोड्या वेळाने म्हणाला, "लावा की, साहेब."

परत येताना तंत्रज्ञ मला म्हणाले, "मॅडम, दुखतं म्हणून येतात ते पेशंट तुमचे. माझे दुखत नाही म्हणून येत नाहीत."

हे मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं, कळलं त्या दिवशी. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत. नस बधिर होते, मग चुलीवरचं भांडं हाताला भाजलेलं कळत नाही, चपलेतला खिळा पायाला कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि माणूस त्याच हातापायांनी काम करत राहतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवून दिलं, की हातपाय जातात ते वेदना गेल्यामुळे.

आता गंमत बघा. 'बर्न्ट-आऊट केस' हा शब्दप्रयोग कुष्ठरुग्णालयांतला. जंतू मेलेले, रोग थांबलेला, पण बोटं गेलेली. रजिस्टरमध्ये 'बरा' आणि घरी कपाचा कान धरता येत नाही. ग्रॅहम ग्रीन १९५९ मध्ये बेल्जियन काँगोतल्या कुष्ठवसाहतीत जाऊन राहिला आणि त्याच नावाची कादंबरी त्याने लिहिली. तिचा नायक एक नामांकित वास्तुशिल्पी. त्याला कुष्ठरोग नाही, पण कशाचंच काही वाटेनासं झालंय म्हणून तो त्या वसाहतीत येऊन पडलेला. पुढे १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने 'बर्न-आउट' हा शब्द संशोधनपत्रिकेत आणला. हा गृहस्थ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करायचा आणि संध्याकाळनंतर न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात बसायचा. म्हणजे वर्णन त्याने दुसऱ्या कुणाचं केलं नाही. आपल्यातलाच.

त्यानंतर क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बावीस प्रश्नांची मोजपट्टी केली. तीत तीन गोष्टी मोजतात: थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आपण सगळे पहिलीवर अडकतो. दमलोय, दमलोय. अहो, दमणं दुखतं. जे दुखतं ते आपण होऊन सांगतं. माझं म्हणणं दुसरीविषयी आहे.

मराठीत या दुखण्याला शब्द भरपूर: पकलो, कावलो, वैतागलो, मेटाकुटीला आलो. सगळे ओरडणारे शब्द. न ओरडणाऱ्या अवस्थेला आपण 'निबर' म्हणतो, आणि आपल्या धंद्यात ते कौतुकाने म्हणतो. माझे एक वरिष्ठ सांगायचे, "डॉक्टरने थोडं निबर व्हावंच लागतं." खरं आहे. पण घट्टा वेगळा आणि चट्टा वेगळा. कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात, तरी त्या हाताला कापूस कळतो. चट्ट्याला कळत नाही. पहिला मृत्यू पाहिल्यावर आपण दोन दिवस जेवत नाही, पन्नासावा पाहिल्यावर जेवतो, तो घट्टा. नातेवाईक रडत असताना आपण मनात पुढच्या पेशंटचा नंबर मोजत असतो, तेव्हा चट्ट्याची शंका घ्यावी.

माझा चट्टा मला दिसला नाही. पाठीवरचा कुणाला दिसतो? एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, बेड आणि ऑक्सिजनसाठी रात्रंदिवस फोन वाजत होता, तेव्हा मी धडधाकट होते. झोप नव्हती, पण प्रत्येक घर मला नावानिशी माहीत होतं. जे झालं ते लाट ओसरल्यावर वर्ष-दीड वर्षाने, सगळं सुरळीत चालू असताना. एवढंच लक्षात यायचं की माझ्या फोनची रिंगटोन दुसऱ्या कुणाच्या खिशात वाजली तरी पोटात खड्डा पडतो. मी रिंगटोन बदलली आणि उपचार झाला असं समजले.

मग दिवाळीची सुट्टी आली. आमच्या कंपाउंडरना सगळं गाव भाऊ म्हणतं. त्यांची पाच वर्षांची नात दवाखान्याच्या जिन्याखाली शेजारच्या मुलाबरोबर डॉक्टर-डॉक्टर खेळत होती. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, माझ्या पोटात..." ती पाटीवर लिहितेच आहे, मान वर नाही. "हं. किती दिवस? हं. जेवण जातं? हं. पुढचा!"

भाऊ पोट धरून हसले. मीही हसले. रात्री भांडी विसळताना मला आठवेना की त्या दिवशी मी कुणाला 'बसा' म्हटलं होतं का. दुसऱ्या दिवशी भाऊंना विचारलं. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, "म्याडम, तुम्ही बसा म्हणायचं सोडून लई दिवस झाले. आता मीच बसवतो सगळ्यांना."

बघा, दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंना ठाऊक होतं. समोरच्या मेडिकलवाल्याला ठाऊक होतं, कारण एकाच कागदावर मी एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी लिहिल्याचं त्याने दोनदा फोन करून सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी त्याच्यावरच डाफरले होते. नवऱ्याला ठाऊक होतं, कारण मी घरी पेशंटची नावं घेणं सोडून 'ती पेन्शनवाली बीपी', 'तो अंगदुखी' असं बोलायला लागले होते. ज्याच्या अंगावर कापूस फिरतोय तो एकटाच डोळे मिटून म्हणत होता, लावा की.

म्हणून माझी पहिली विनंती. स्वतःची परीक्षा स्वतः घेऊ नका. तुमच्या कंपाउंडरला, नर्सला, रिसेप्शनवरच्या मुलीला विचारा, आणि उत्तर आलं की त्यांचा पगार कापू नका.

दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या सभेत सांगायला लाज वाटते. आधी रक्त तपासा. दहा महिने मी 'मन' 'मन' करत होते. हिमोग्लोबिन निघालं ९.२. त्या मनात बरंचसं लोखंड कमी होतं. थायरॉइड, साखर, झोपेतलं घोरणं, हे आपण समोरच्याचं बघतो, स्वतःचं बघत नाही. आणि कामाबाहेरही काही गोड लागत नसेल, सुट्टीची सकाळसुद्धा राखाडी असेल, नसण्याचे विचार येत असतील, तर ते बर्नआउट म्हणून अंगावर काढू नका. ते नैराश्य असू शकतं, त्याला औषध आहे, मानसोपचारतज्ज्ञ आपलेच मित्र आहेत. ओळखीच्या माणसाकडे जायचा संकोच वाटत असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६. हा नंबर आपण पेशंटला देतो. स्वतःच्या फोनमध्ये किती जणांनी साठवलाय?

गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन वर आलं, मग कोकणात पाच दिवस जाऊन आले. समुद्र, सोलकढी, सगळं झालं. सोमवारी दहाला दवाखाना उघडला आणि साडेअकराला मी पुन्हा 'हं, पुढचा'. खिळा चपलेतच होता, मी फक्त पाच दिवस अनवाणी फिरून आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नव्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. काही मित्रांना त्याचा राग येतो. मला ते पटतं. दोष नुसता पायात शोधू नका, चप्पलही उलटी करून बघा.

आणि ही चप्पल शिवली कुणी? निवासी डॉक्टरांचं बघू. रुग्णालयातच राहायचं, चोवीस तास हाकेला हजर, ही पद्धत विल्यम हॉलस्टेड यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये घडवली. थोर शल्यचिकित्सक. त्यांना कोकेनचं आणि नंतर मॉर्फिनचं व्यसन होतं, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. अशा माणसाच्या घड्याळावर आपण शंभर वर्षांहून जास्त काळ तरुण पोरं राबवतोय. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तास असं लेखी सांगितलं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने सुचवलं, आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको. बत्तीस वर्षांत सव्वीस तास वाढले, आणि ही सुधारणा म्हणून मांडली गेली, कारण प्रत्यक्षात पोरं त्याहून जास्त राबत होती. इथे बसलेल्या माझ्या पिढीला एक सांगायचं आहे. "आमच्या वेळी आम्ही छत्तीस तास उभे राहायचो" हे वाक्य आपण सोडून द्यावं. आपण उभे होतो, पण छत्तिसाव्या तासाला काय लिहून दिलं ते आपल्याला आठवत नाही, आणि ज्याला लिहून दिलं त्याला कुणी विचारलेलं नाही.

मी काय केलं ते सांगते. फार मोठं नाही. एकवीस वर्षं रविवारी सकाळी माझा दवाखाना उघडा असायचा. तो बंद केला. पाटी लावताना हात थरथरत होता, खोटं का सांगू. तेव्हा मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी १८८४ पासून रविवारची सुट्टी मागितली, आणि रविवार हा खंडोबाचा वार असल्याचं कारणही पुढे केलं. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. साच्यावरच्या माणसाला जे मिळून एकशे तीस वर्षं उलटली, ते मी, स्वतःच्या दवाखान्याची मालकीण, स्वतःला देत नव्हते. माझा मालक कोण होता?

रात्रीच्या कॉलचं जास्त अवघड होतं. आमच्या गल्लीत तीन दवाखाने. एक माझा, एक आयुर्वेदवाल्या सरांचा, एक होमिओपॅथीवाल्या मॅडमचा. वीस वर्षं आम्ही एकमेकांना लग्नात भेटत होतो आणि एकमेकांच्या पेशंटची संख्या गुपचूप मोजत होतो. मी एका संध्याकाळी दोघांना घरी बोलावलं, थालीपीठ केलं आणि म्हटलं, रात्रीचा फोन आपण वाटून घेऊ. एकाने उचलायचा, तातडीचं असेल तर उपजिल्हा रुग्णालय आणि १०८, नसेल तर सकाळी. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग सरांनी तिघांच्याही मनातलं विचारलं, "पेशंट पळाले तर?"

पळाले. माझी चार घरं गेली. ती कोणती ते मला माहीत आहे, त्यांतल्या दोन घरी मी लग्नालाही गेले होते. त्या बदल्यात आठवड्यात चार-पाच रात्री मी सलग झोपते. हिशोब तुम्हीच करा.

बधिर पायाच्या माणसाला कुष्ठरुग्णालयात एक शिस्त शिकवतात. रोज संध्याकाळी पाय पाण्यात बुडवायचे आणि डोळ्यांनी तपासायचे, कारण पाय स्वतः काही सांगणार नाही. मी तशी एक वही केली. रोज एका पेशंटविषयी एक ओळ, केसपेपरवर नसलेली. पहिले तीन आठवडे पानं कोरी गेली, म्हणजे खरोखर काही आठवेना. चौथ्या आठवड्यात एक ओळ आहे: 'शिंपी काका, डाव्या करंगळीला अंगुस्तान घालतात, उजव्या हाताचं बोट शाबूत असूनही.' का घालतात ते मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं येतो मी तुमच्या गल्लीत, आज विचारताय?" आणि मग पाऊण तास बोलले. बाहेर अकरा माणसं खोळंबली होती. भाऊंनी दोनदा दार ढकलून आत डोकावून पाहिलं आणि दोन्ही वेळा हळूच लावून घेतलं.

कारण काय होतं ते मी इथे सांगणार नाही. ते त्यांचं आहे.

आज रात्री फोन सरांकडे आहे. कार्यक्रमपत्रिकेवर सव्वाअकराला चहा छापलाय आणि आता अकरा पंचवीस झालेत. मागच्या रांगेतले निवासी डॉक्टर कालच्या ड्यूटीवरून थेट आलेत, त्यांना आधी चहा घेऊ द्या.