पाण्याची चावी आणि रस्त्याचं फाटक
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आजच्या मेळाव्यात कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, थकलेली वीजबिलं आहेत. तरीही आम्ही गंगेच्या पाण्याविषयी बोलणार आहोत. कोणी म्हणेल, इथं विहिरीनं तळ गाठलाय आणि हे गंगेच्या गोष्टी सांगतात. बरोबर आहे. पण आपल्या कापसाच्या गाठी आणि आपल्या कापसाचं सूत विकत घेणारं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशात कापूस फार थोडा पिकतो आणि कपडे मात्र साऱ्या जगासाठी शिवले जातात. या गिऱ्हाइकाचं आणि आपल्या सरकारचं पाण्यावरून आणि वाटेवरून पन्नास वर्षांचं भांडण आहे. गिऱ्हाइकाशी भांडण झालं की त्याची झळ दिल्लीला लागत नाही, माल पिकवणाऱ्याला लागते. म्हणून हे भांडण आहे तरी काय, ते आपण समजून घेऊ.

फराक्क्याचा हिशेब

पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात गंगेवर फराक्का नावाचा बंधारा आहे. लांबी सव्वादोन किलोमीटर. बांगलादेशची हद्द तिथून वीस किलोमीटरच्या आत. कोलकात्याचं बंदर गाळानं भरत होतं, तो गाळ धुऊन काढायला गंगेचं पाणी हुगळीत सोडायचं, यासाठी हा बंधारा बांधला. १९७५ साली ३८ किलोमीटरचा कालवा सुरू झाला. कालव्याची ताकद ४० हजार क्युसेक.

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. एक क्युसेकचा पाट दिवसरात्र चालला तर दोन एकरांत फूटभर पाणी उभं राहतं. ४० हजार क्युसेक म्हणजे चोवीस तासांत ८० हजार एकरांत फूटभर पाणी.

पावसाळ्यात गंगेला इतकं पाणी असतं की कोणी कोणाशी भांडत नाही. भांडण असतं जानेवारी ते मे. १९४९ ते १९८८ या वर्षांच्या नोंदी सांगतात की एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत फराक्क्याला सरासरी ६१ हजार क्युसेक पाणी येतं. त्यातलं ४० हजार कोलकात्याला वळवलं तर खाली राहिलं २१ हजार. त्यात बांगलादेशानं काय करायचं?

नदीचा जोर कमी झाला की समुद्र आत येतो. गंगेचा गोराई नावाचा फाटा खुलन्याकडं गोडं पाणी नेतो. उन्हाळ्यात त्याच्या तोंडाशी गाळ बसतो आणि खालच्या भागात खारं पाणी चढतं. भाताला रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात खारेपणा सोसत नाही, हे आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. ते शेतकरी कॉलेजात न जाता शिकले. कुष्ट्याजवळ गंगा-कोबादाक नावाची उपसा योजना आहे. नदीची पातळी उतरली की तिचे पंप बंद ठेवावे लागतात. पंप आहे, पण पाणी नाही, ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला नको.

१६ मे १९७६ रोजी मौलाना भासानी नावाच्या शेतकऱ्यांच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं राजशाहीहून फराक्क्याच्या दिशेनं मोर्चा काढला. हजारो माणसं हद्दीपर्यंत चालत आली. आपल्याकडं वर्तमानपत्रांनी त्याला भारतविरोधी मोर्चा म्हटलं असेल. आम्ही त्याला शेतकऱ्यांचा मोर्चा म्हणतो.

आणि हद्दीच्या अलीकडं भारताचा शेतकरी तरी सुखी झाला का? बंधाऱ्यानं गाळ अडला, गंगेनं काठ खायला सुरुवात केली. मालदा आणि मुर्शिदाबादमध्ये शेतं, घरं, गावं नदीत गेली. २०१६ च्या पुरानंतर बिहारच्या मुख्यमंत्र्यांनी तर हा बंधाराच काढून टाका अशी मागणी केली. कोलकात्याच्या बंदरातला गाळ आजही यंत्रानं उपसावा लागतो. हे सगळं होणार असं बंगालचे एक इंजिनिअर, कपिल भट्टाचार्य, बंधारा होण्याआधीच सांगत होते. त्यांना पाकिस्तानचा हस्तक ठरवलं गेलं. हिशेब मांडणाऱ्याला देशद्रोही म्हणायची पद्धत जुनीच आहे.

लिहिलेला करार आणि तोंडची मैत्री

१९७७ साली पाच वर्षांचा करार झाला. मग दोनदा तात्पुरते समझोते झाले. १९८८ नंतर आठ वर्षं काहीच नव्हतं, ज्याच्या हातात चावी तो राजा. शेवटी १२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी तीस वर्षांच्या, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतच्या, करारावर सह्या केल्या.

त्याचं सूत्र सरळ आहे. फराक्क्याला ७० हजार क्युसेक किंवा कमी पाणी आलं तर निम्मं निम्मं. ७० ते ७५ हजार आलं तर बांगलादेशला ३५ हजार, उरलेलं भारताला. ७५ हजारांच्या वर गेलं तर भारताला ४० हजार, उरलेलं बांगलादेशला. आणि ११ मार्च ते १० मे या कडक उन्हाळ्यात दहा-दहा दिवसांच्या पाळ्या. एका पाळीत एकाला ३५ हजारांची हमी, पुढच्या पाळीत दुसऱ्याला. आपल्याकडं पाटाच्या शेवटच्या टोकाला शेत असणारा माणूस जी पाणीपाळी मागतो, तीच ही. पाणी मोजायला दोन्ही देशांची माणसं फराक्क्याला आणि तिकडं हार्डिंज पुलापाशी.

मैत्रीच्या शंभर भाषणांपेक्षा हा कागद मोलाचा आहे, कारण त्यात आकडे आहेत. पण त्यात दोन भोकंही आहेत. पहिलं असं की फराक्क्याला जे पाणी पोचेल त्याचीच वाटणी आहे. वर उत्तर प्रदेश-बिहारमध्ये किती उचलायचं, याला बंधन नाही. दुसरं भोक असं की पाणी ५० हजारांच्या खाली गेलं तर काय करायचं, याचं उत्तर करारात ‘तातडीनं चर्चा करू’ एवढंच आहे. म्हणजे ज्या दिवशी कराराची खरी गरज, त्या दिवशी आकडा नाही, बैठक आहे. पीक बैठकीची वाट पाहत नाही.

नाशिक-नगरची धरणं वर आणि जायकवाडी खाली, हे भांडण तुम्ही पाहता. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसला तर वरून पाणी सोडायचं, हा आकडा लिहिलेला आहे. त्यावरही रस्ते अडतात, कोर्टकज्जे होतात. पण तिथं निदान प्राधिकरण आहे, हायकोर्ट आहे. गंगेच्या करारात तिसरा पंचच नाही. म्हणून तिथं टंचाईच्या दिवसाचा आकडा आधी लिहून ठेवणं अधिकच गरजेचं.

पाण्याला रस्ता बांधला

आता रस्त्याकडं येऊ. नकाशात पाहा. वरचा देश पाण्याची चावी धरून आहे, तर खालच्या देशाच्या हातात रस्ता आहे. आपला ईशान्य भाग मुख्य देशाशी सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीनं जोडलेला आहे. त्रिपुराचा माल कोलकात्याला न्यायचा तर त्या पट्टीला वळसा घालून हजारांहून अधिक किलोमीटर. बांगलादेशातून सरळ गेलं तर अंतर निम्म्याहून कमी. फाळणीनंतरही रेल्वे आणि बोटी तिकडून जात होत्या, त्या १९६५ च्या युद्धात बंद झाल्या.

सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहनसिंग ढाक्याला गेले. तीस्ता नदीच्या पाण्याचा करार तयार होता. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी अडून बसल्या, करार राहिला. त्याबरोबर बांगलादेशनं चितगाव आणि मोंगला बंदरांतून वाट देण्याचं पत्र मागं घेतलं. तुम्ही पाणी नाही, तर आम्ही वाट नाही. तीस्तेवर १९८३ साली तात्पुरती वाटणी ठरली होती, भारताला ३९ टक्के, बांगलादेशला ३६, उरलेले २५ नंतर बघू. ते ‘नंतर’ अजून आलेलं नाही. बंदरांचा करार मात्र २०१८ मध्ये झाला.

त्याच सुमारास त्रिपुरातल्या पालाटाणा वीज केंद्राची अवजड यंत्रं बांगलादेशातून न्यायची होती. पूल तेवढं वजन पेलणारे नव्हते. म्हणून तीतास नदीच्या पात्रातच मातीचा भराव घालून गाड्या काढल्या. त्रिपुराला वीज मिळाली, २०१६ पासून बांगलादेशलाही तिथून वीज गेली. काम चांगलंच झालं. पण रस्ता देण्यासाठी नदी बुजवताना काठावरच्या कोळ्याला आणि शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही. भांडणातही त्याचं नुकसान आणि दोस्तीतही त्याचंच.

नेपाळचं उलटं आहे. तो वर आहे, पण त्याला समुद्र नाही. १९५४ च्या कोशी करारानं बंधारा नेपाळच्या जमिनीवर झाला, दरवाजे बिहारच्या ताब्यात. २००८ साली कुसहाला बांध फुटला तेव्हा नेपाळ आणि बिहार दोन्हीकडची लाखो माणसं पुरात सापडली. १९८९ साली व्यापार-वाहतुकीचे करार संपले आणि भारतानं दोन सोडून बाकीची नाकी बंद केली. २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच पुन्हा नाक्यांवर ट्रक अडले. आम्ही अडवले नाहीत, असं भारत सरकार म्हणालं. मार्च २०१६ मध्ये नेपाळनं चीनशी वाटेचा करार केला. चावी फिरवली की शेजारी दुसरं दार शोधतो, हा धडा आपण लक्षात ठेवावा.

फाटक आपल्या दारात

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध माणसं मारली गेली. दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिलला, भारतानं १९६० चा सिंधू पाणी करार स्थगित केला आणि त्याच घोषणेत अटारीचं नाकं बंद केलं. खून करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नदी आणि नाकं एकाच कुलपात कशी बसतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

त्याच महिन्यात बांगलादेशशीही ताणलं गेलं. बांगलादेशचा माल आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जायची सवलत ८ एप्रिलला भारतानं काढली. पाच दिवसांनी बांगलादेशनं भारतीय सूत जमिनीच्या नाक्यांवरून आणायला बंदी घातली. १७ मे रोजी भारतानं त्यांचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून येतील असं ठरवलं. यात सूत कोणाच्या कापसाचं? नाक्यावर थांबणाऱ्या प्रत्येक दिवसाचा खर्च गिरणीवाला कापसाच्या भावातूनच कापतो. आणि बांगलादेशला ब्राझीलचा, आफ्रिकेचा, अमेरिकेचा कापूस मिळतो. आपल्याला मात्र एवढ्या जवळ दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक नाही.

सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये याच सरकारी हातानं कांद्याची निर्यात रातोरात बंद केली, तेव्हा कांद्याचे ट्रक बांगलादेशच्या हद्दीवर सडले. फराक्क्याचा दरवाजा असो की कांद्याचं फाटक, सवय एकच.

कोणी विचारेल, आपल्या देशातलं पाणी आपण का द्यावं? त्याला आमचं उत्तर असं. ब्रह्मपुत्रेवर आपण खाली आहोत. चीननं जुलै २०२५ मध्ये तिबेटात त्या नदीवर प्रचंड धरणाचं काम सुरू केलं. २०१७ साली डोकलामच्या तणावात चीननं पुराचे आकडे दिले नाहीत, तेव्हा आपणच तक्रार केली. खालच्याला जो न्याय आपण नाकारू, तो वरच्याकडं कोणत्या तोंडानं मागणार?

म्हणून या मेळाव्यापुढं आम्ही तीन मागण्या ठेवतो.

एक. फराक्का आणि तीस्तेवरचं पाणी रोज किती आलं, किती सोडलं, हे दोन्ही देशांत लोकांसमोर जाहीर करा. आकडा लपला की अफवा मोठी होते.

दोन. गंगेच्या नव्या करारात टंचाईच्या दिवसाचा आकडा लिहा, आणि तो ठरवताना बंदराबरोबर पिकाचंही वेळापत्रक पाहा. १९७२ पासून दोन देशांचा नदी आयोग आहे. त्यात दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना बसवा.

तीन. पाण्याचा राग रस्त्यावर काढायचा नाही. सौदा होऊन वाटेला लागलेला शेतमाल आणि सूत अडवायचं नाही. सरकारनं अडवलं, तर भरपाई सरकारनं द्यायची.

भावांनो, बायांनो, खुलन्याचा भात पिकवणारा आणि यवतमाळचा कापूस पिकवणारा एकमेकांना कधी भेटणार नाहीत. पण एकाच्या शेतात मीठ चढतं आणि दुसऱ्याची गाठ नाक्यावर अडते, तेव्हा चावी फिरवणारा हात दोघांनाही न विचारता फिरतो. तो विचारल्याशिवाय फिरणार नाही, एवढं आपल्याला मिळवायचं आहे. ठराव मांडतो आहोत. ज्यांना पटला असेल त्यांनी हात वर करावेत.