हात कुणासाठी वर गेला?

(रामटेक इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी वाहणारा माणूस. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो. पण आज कविता वाचायला उभा नाही. आज तुमच्या आमदाराचा हिशेब मांडायचा आहे. शिव्या देणार नाही. शिव्यांनी आपलाच घसा बसतो, आमदाराचं काही बिघडत नाही. हिशेब मात्र टोचतो.

तर बघा. ॲड. आशिष जयस्वाल. १९९९, २००४, २००९ अशा तीन निवडणुका शिवसेनेच्या धनुष्यबाणावर जिंकले. २०१४ ला सेना-भाजप वेगळे लढले, तेव्हा भाजपच्या मल्लिकार्जुन रेड्डींनी त्यांना पाडलं. २०१९ ला युती झाली, जागा भाजपला सुटली, तर हे अपक्ष उभे राहिले आणि रेड्डींनाच पाडून आले. मग महाविकास आघाडीला पाठिंबा. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंच्या गोटात. २०२४ ला पुन्हा धनुष्यबाण, आता शिंदेंचा. काँग्रेसचे बंडखोर राजेंद्र मुळक यांना हरवून पाचव्यांदा आमदार. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात शपथ घेऊन राज्यमंत्री झाले. खाती कोणती? अर्थ, नियोजन, कृषी, मदत-पुनर्वसन, विधी व न्याय, आणि कामगार.

पक्षाशिवाय निवडून येणं हे काही खायचं काम नाही. रामटेक-पारशिवनीच्या गावागावांत ओळख असल्याशिवाय ते होत नाही. तेवढं श्रेय त्यांना द्या.

पण ओळख म्हणजे धोरण नव्हे. आपली माणसं सांगतात, आमदार लग्नाला येतो, मयताला येतो, रस्ता देतो, समाजमंदिर देतो. ठीक आहे. सभागृहात तो काय बोलतो? तिथं तुमच्याकडून बोलतो की तुमच्या डोक्यावर पाय देऊन? गोदीत मुकादमाची टोपी बदलली म्हणून गोणीचं वजन कमी होत नाही. चिन्ह बदललं, गट बदलला, तरी आपल्या पाठीवरचं ओझं तेवढंच आहे का, हे मोजायचं.

ज्या पक्षातून ते आले त्याचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायला या पक्षाने उघड विरोध केला. १९८८ ला ‘रिडल्स’वरून आपल्याच विरोधात रस्त्यावर उतरला. पुढे २०११ ला शिवशक्ती-भीमशक्तीचे हार घातले गेले. हार सुकले. आता जुनं उगाळत बसत नाही. २०२५ मधल्या तीन गोष्टी घेतो.

पहिली कामगाराची. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, जादा कामाला दुप्पट पगार, असं सांगितलं. कागदावर छान आहे. पण तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ वरून १४४ तास केली. कंत्राटी पोऱ्याला ‘थांब’ म्हटल्यावर तो ‘नाही’ म्हणू शकतो का? दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहील तो. हा ४८ तासांचा आठवडा कुणी आणला? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कायद्याने ५४ तासांचे ४८ झाले. राज्यमंत्री मंत्रिमंडळात बसून निर्णय घेत नाही, हे मान्य. पण कामगार खात्याची पाटी जयस्वालांच्या दारावरही आहे. त्यांची भूमिका काय?

दुसरी पैशाची. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५.७० कोटी रुपये वळवले. लाडक्या बहिणींत आपल्याही बहिणी आहेत, आणि त्यांचे १५०० रुपये कुणी काढून घ्यावेत असं मी म्हणणार नाही. सरकार म्हणतं, हा पैसा त्याच समाजाच्या बायांना गेला. अरे, पण तो वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा, घरकुलाचा पैसा होता. बहिणीच्या हातात दीड हजार ठेवून तिच्या पोराचं वसतिगृह रिकामं करायचं, याला न्याय म्हणत नाहीत. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट जयस्वालांच्याच पक्षाचे. त्यांनीसुद्धा जाहीर नाराजी दाखवली. अर्थ राज्यमंत्री काय म्हणतात? आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ ला उपयोजनेच्या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात का नाही?

तिसरी तोंडाची. १० जुलै २०२५ ला विधानसभेत जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. सरकारने संघटना बेकायदा ठरवली की तिच्या सदस्याला तुरुंग, शिक्षा दोनपासून सात वर्षांपर्यंत. डहाणूचे विनोद निकोले, माकपचे एकटे आमदार, त्यांनी विरोध केला. बाकी आवाजी मतदान. म्हणजे काय, कळलं का? कुणाचा हात वर गेला याची नोंदच नाही! आपलं तोंड बांधणारा कायदा, आणि तो करताना यांची तोंडं एकमेकांत मिसळलेली.

म्हणून म्हणतो, नोंद आपण करायची. रामटेकची लोकसभा २००९ पासून राखीव आहे, तिथल्या खासदाराला आपण हक्काने जाब विचारतो. विधानसभा खुली आहे, म्हणून आमदाराला विचारताना आपली जीभ अडखळते. का? खुली जागा म्हणजे त्यांची जागा नाही. तिथं आपलंही मत पडतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंच्या मागे शेतकरी नागपूरचा रस्ता अडवून बसले, तेव्हा सरकारतर्फे बोलायला जयस्वाल आणि पंकज भोयर चालत आले. सरकारला मग कर्जमाफीची तारीख द्यावी लागली. म्हणजे राज्यमंत्री येतात. रस्ता अडला की येतात.

तेव्हा हे तीन प्रश्न कागदावर लिहा. बारा तासांना तुमचा होकार की नकार? उपयोजनेचा पैसा वळवता येणार नाही असा कायदा मागणार का? जनसुरक्षा कायदा रद्द करा म्हणणार का? वस्तीवस्तीत सह्या घ्या. पोच घ्या. उत्तर लेखी मागा. उत्तर आलं तर ते बौद्धवाड्यात, गोंडवाड्यात, खाणीच्या गेटवर मोठ्याने वाचून दाखवा. नाही आलं, तर कोरा कागद तसाच वाचून दाखवा. लोकांना तोही वाचता येतो.