करपणे आणि तासांचा हिशेब

वैद्यकीय व्यवसायात ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात त्यासाठी मराठीत ‘थकवा’पेक्षा ‘करपणे’ हा शब्द अधिक जवळचा ठरतो, कारण थकवा झोपेने उतरतो, तर तळाला लागलेले दूध वरून कितीही पांढरे दिसले तरी त्याचा वास जात नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत या अवस्थेची तीन अंगे आहेत : भावनिक शक्ती आटणे, समोरचा रुग्ण माणूस न वाटता नुसता खाट-क्रमांक वाटू लागणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ही अवस्था आजारांत न धरता कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाशी जोडली, आणि म्हणून तिचे कारण डॉक्टरच्या मनाआधी ड्यूटीच्या वेळापत्रकात शोधणे प्राप्त होते.

पनवेलजवळच्या करंजाड्याहून मध्यरात्री पनवेल वा कामोठ्याला, आणि तिथून पुढे मुंबईला जे.जे. किंवा केईएमला पाठवल्या जाणाऱ्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात आधी भेटतो तो बहुधा इंटर्न किंवा निवासी डॉक्टर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता वॉर्ड सांभाळणारा शिकाऊ. केस पेपरवर रुग्ण किती वाजता आला हे लिहिले जाते. तपासणाऱ्याचा ड्यूटीवरचा तो कितवा तास, यासाठी रकाना नसतो.

‘निवासी’ हे विशेषण शब्दशः घेण्याची रीत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजवली. शिष्यांकडून अहोरात्र रुग्णालयात राहण्याची अपेक्षा ठेवणारा हा थोर शल्यचिकित्सक स्वतः आधी कोकेनच्या व पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेला होता, ही गोष्ट ‘आम्हीही हेच सोसले’ असे फर्स्ट इयरच्या मुलांना ऐकवणाऱ्या सीनियरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतात नियम नव्हता असे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तास अशी मर्यादा होती, मात्र तिच्याआधी ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आणि सोबत कामाच्या निकडीची मुभा होती, आणि व्यवहारात ही मुभाच नियम होऊन बसली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत आकडा गळून ‘वाजवी’ तास एवढे विशेषण उरले. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये पुन्हा आकडा सुचवला, तो ७४ तासांचा. एकतीस वर्षांत अंकाचे विशेषण झाले, आणि विशेषणाचा पुन्हा अंक होताना तो दीडपटीहून मोठा झाला.

या तासांमागे मनुष्यबळाचे साधे गणित आहे : खाटा आणि रुग्ण वाढतात, मंजूर पदे तेवढ्या वेगाने वाढत नाहीत आणि मधली तूट शिकाऊच्या झोपेतून भरली जाते. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने संप पुकारला तेव्हा मागण्यांत वसतिगृहांच्या दुरवस्थेबरोबर अग्रभागी होती ती वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करण्याची मागणी.